खोबरेल तेल लावलं की दोन-तीन आठवड्यांनी कपाळावर बारीक पुरळ येतंच? आधी हे तपासून बघा

आधी प्रॉब्लेम नीट सांगते, ज्यांना हा आहे त्यांना पहिल्या चार ओळीतच कळेल. चेहरा कोरडा पडतो म्हणून रात्री खोबरेल तेल लावायला सुरुवात करायची, पहिले आठ-दहा दिवस स्किन एकदम मऊ, गाल चकाकतात, आरशात बघून आपल्यालाच भारी वाटतं, आणि मग साधारण तिसऱ्या आठवड्यात तोंड धुताना कपाळावर हात फिरवला की बारीक वाळूसारखं काहीतरी लागतं. दिसत काहीच नाही, फक्त हाताला लागतं. अजून आठवड्याभरात दिसायलाही लागतं. मग तेल बंद. दीड-दोन महिन्यात चेहरा हळूहळू साफ, मग थंडी सुरू होते, गाल ओढल्यासारखे होतात, आणि परत तीच बाटली हातात.

माझं हे तीनदा झालंय. तीनदा! आणि पहिल्या दोन वेळा मी तेलावर संशयच घेतला नाही, फेसवॉश बदलला, मग उशीचे अभ्रे बदलले, एकदा तर झोप कमी होतेय म्हणून होत असेल असं स्वतःला पटवून पण झालं. कारण तेल लावून तर पंधरा दिवस छान गेले होते ना, मग तेलाने कसं होईल, असा माझा हिशोब. हा हिशोबच चुकीचा होता, आणि मला वाटतं बहुतेक जणींचा (आणि जणांचा) इथेच घोळ होतो.

ज्या छिद्रातून केस उगवतो त्याच छिद्रातून त्वचेचं स्वतःचं तेल बाहेर येतं. आतल्या मृत पेशी झडून त्या तेलाबरोबर वाहून जायला हव्यात. त्यात वरून घट्ट तेलाचा थर बसला की काही जणांच्या त्वचेत त्या पेशी तिथेच चिकटून बसतात आणि बारीकसं बूच तयार होतं. हे बूच सुरुवातीला डोळ्याला दिसतच नाही. दिसण्याइतकं मोठं व्हायला त्याला काही आठवडे लागतात, म्हणजे आज कपाळावर जे दिसतंय त्याची सुरुवात दोन-चार आठवड्यांपूर्वी झालेली असते, आणि आपण मात्र काल काय नवीन लावलं ते आठवत बसतो. उलटही तसंच, तेल बंद केलं तरी आधीची बुचं आत तयारच असतात, म्हणून बंद केल्यावरही आठ-पंधरा दिवस नवीन पुरळ येत राहतं आणि आपण म्हणतो बघा, तेल बंद केलं तरी येतंयच, म्हणजे तेलाचा काही संबंध नाही. आहे संबंध. उशिरा दिसतोय एवढंच.

आता "खोबरेल तेल पोर्स बंद करतं" हे वाक्य सगळीकडे असतं आणि सोबत ० ते ५ ची एक पट्टी असते (० म्हणजे छिद्रं बंद करत नाही, ५ म्हणजे सगळ्यात जास्त करतं), त्यात खोबरेलला ४ दिलेले असतात. त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण या पट्ट्या मुळात सशाच्या कानावर केलेल्या टेस्टमधून आल्यात, आणि सशाच्या कानाची त्वचा आपल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी लवकर बंद होते. माझी धाकटी बहीण माझ्याच बरणीतलं तेल रोज रात्री तोंडाला चोपडते आणि तिला आजवर एक पुटकुळी नाही. मला चार थेंबात तीन आठवड्यांचा भोग. म्हणजे ४ हा आकडा "जरा सांभाळून" एवढंच सांगतो, तुमच्या चेहऱ्याचं काय होईल ते तुमच्या चेहऱ्यावरच कळतं. ते कसं बघायचं ते खाली लिहिलंय.

पण त्याआधी, तुम्हाला आलंय ते नक्की काय आहे? कारण मला वाटायचं पुरळ म्हणजे पुरळ, आणि तसं अजिबात नाही.

खाजत नाही, त्वचेच्याच रंगाचे छोटे छोटे दाणे, लहानमोठे, मधे एखादा ब्लॅकहेड पण दिसतो, तर ते वर सांगितलेलं बूच. माझं हेच होतं.

खाजतं, विशेषतः घाम आल्यावर जास्त, आणि सगळे दाणे एकाच साच्यातून काढल्यासारखे एकसारखे, कपाळावर, छातीवर, पाठीवर, आणि ब्लॅकहेड एकही नाही, तर ते वेगळं प्रकरण असू शकतं. त्याला बोलताना फंगल अ‍ॅक्ने म्हणतात पण ते खरं तर पिंपल्स नाहीतच, मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहतं, ते केसाच्या मुळाशी जास्त वाढलं की असं होतं. आणि इथे खोबरेलची खास गंमत आहे. हे यीस्ट स्वतःचं, तेल-तूप ज्यापासून बनतं ते फॅटी अ‍ॅसिड बनवू शकत नाही, ते बाहेरून घेतं, आणि साधारण ११ ते २४ कार्बनच्या साखळीची फॅटी अ‍ॅसिड त्याला चालतात. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं, ते १२ कार्बनचं. त्याखालोखाल मायरिस्टिक, ते १४ चं. म्हणजे आपण रोज रात्री त्याचं ताट वाढून ठेवतोय. या प्रकारात पिंपल्सच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर कधीकधी वाढतं, कारण त्यांनी यीस्टशी स्पर्धा करणारे बॅक्टेरिया मरतात आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. त्यामुळे हा संशय आला तर स्वतःच्या मनाने काही न करता स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, त्यावर अँटिफंगल औषध लागतं.

तिसरा प्रकार, तेल लावल्यावर काही तासात किंवा एक-दोन दिवसात लाल चट्टे, आग, सूज. ती रिअ‍ॅक्शन, आणि तिला आठवडे लागत नाहीत. शुद्ध खोबरेलची अ‍ॅलर्जी तशी फार कमी दिसते, त्यामुळे आधी बाटलीच्या मागची बाजू वाचा. केसांसाठी विकलं जाणारं बरंच "खोबरेल" हे सुगंध घातलेलं, कधी मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) मिसळलेलं असतं, आणि सुगंध हे चेहऱ्याच्या अ‍ॅलर्जीचं अगदी नेहमीचं कारण आहे.

इथे कोणीतरी म्हणणारच, अगं पण लॉरिक अ‍ॅसिड तर जंतू मारतं ना, मग पिंपल्स कसे येतील? मी पण हेच म्हणायचे. लॅबमध्ये लॉरिक अ‍ॅसिडने पिंपल्सचे बॅक्टेरिया मरतात हे खरं आहे. पण तिथे वापरतात ते मोकळं लॉरिक अ‍ॅसिड, आणि तेलात ते मोकळं नसतं, तीन-तीन फॅटी अ‍ॅसिड ग्लिसरॉलला (म्हणजे ग्लिसरीनला) बांधलेली असतात. चांगल्या तेलात मोकळं अ‍ॅसिड अगदी नावाला असतं. तेव्हा लॉरिक अ‍ॅसिडचं कौतुक खोबरेलच्या खात्यात जसंच्या तसं टाकता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, तेल येतंय कुठून. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं. तिसऱ्या खेपेला सुरुवातीला मी चेहऱ्याला तेल लावणं अगदी काटेकोर बंद केलं होतं तरी कपाळ साफ व्हायलाच तयार नाही, गाल झाले पण कपाळ नाही. मग एकदा सकाळी उठल्यावर उशीच्या अभ्र्यावर माझ्या डोक्याच्या आकाराचा पिवळट डाग बघितला आणि डोक्यात प्रकाश पडला. चेहऱ्याला तेल नव्हतं, केसांना होतं! रात्री डोक्याला तेल लावून झोपायचं, ते केसातून कपाळावर, कपाळावरून उशीवर, उशीवरून गालावर. डोक्याला लावायच्या तेल-पोमेडमुळे (पोमेड म्हणजे केस बसवायचं मेणचट मलम) कपाळावर आणि कानशिलांवर असे दाणे येतात हे त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच पोमेड अ‍ॅक्ने या नावाने लिहून ठेवलंय, म्हणजे मी काही फार मोठा शोध लावलेला नाही.

म्हणून दाणे कुठे आहेत ते नीट बघा. केसांच्या कडेने आणि कानशिलांवर असतील तर केसांच्या तेलावर संशय घ्या. एकाच गालावर जास्त आणि तुम्ही त्याच कुशीवर झोपत असाल तर अभ्रा. मानेच्या मागे, खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागात असतील आणि केस लांब असतील तर पण केसांचंच तेल, आणि आंघोळीत केस धुताना जे पाठीवरून ओघळतं ते पण. माझी सवय होती आधी अंग साबणाने धुवायचं आणि शेवटी केस, म्हणजे धुतलेल्या पाठीवर परत तेल. आता उलट करते, केस आधी, ते बांधून वर, मग पाठ.

केसांचं तेल बंद करा असं मी म्हणत नाहीये हं. केसांसाठी खोबरेल खरंच कामाचं आहे, २००३ मध्ये एक अभ्यास आला होता त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल असं तुलना करून बघितलं तर केस धुताना होणारं प्रोटीनचं नुकसान फक्त खोबरेलनेच नीट कमी झालं होतं, कारण ते केसाच्या आत शिरतं. फक्त रात्रभर ठेवू नका. धुवायच्या आधी तास-दीड तास, तेही केसांच्या लांबीला, कपाळापासून दोन बोटं सोडून, आणि मग शाम्पू. मला तरी रात्रभर ठेवणं आणि दीड तास ठेवणं यात केसांना काही फरक दिसला नाही, कपाळाला मात्र दिसला.

बरं, मग नक्की तेलच आहे का हे ठरवायचं कसं. मी तिसऱ्या खेपेला जे केलं ते सांगते, कंटाळवाणं आहे पण याच्यानेच सुटलं.

सहा आठवडे चेहऱ्याला, कपाळाला कुठूनही खोबरेल लागू द्यायचं नाही. सहा का, तर त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात आणि आधीची बुचं निघून जायला वर दोन धरा. अभ्रा दर तीन-चार दिवसांनी बदला, तेलकट झालेला गार पाण्यात तेल सोडत नाही, गरम पाण्यात धुवा. या सहा आठवड्यात नवीन काहीही सुरू करायचं नाही, नवीन फेसवॉश नाही, नवीन सीरम नाही, नाहीतर शेवटी कशाने गेलं तेच कळत नाही. पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसणार नाही उलट एखाद-दोन जास्तच येतील, तिथे धीर सोडू नका. मी फोनच्या कॅलेंडरमध्ये रोज एक शब्द टाकायचे, "खरखर", "तसंच", "कमी", आणि दर रविवारी खिडकीपाशी बाजूने प्रकाश येईल असा एक फोटो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत हे दाणे दिसतच नाहीत, बाजूच्या उजेडात सगळं उघडं पडतं.

चेहरा साफ झाल्यावर, म्हणजे खरंच साफ, "बऱ्यापैकी" नाही, एकाच बाजूला जबड्याच्या कडेला कानाजवळ, नाण्याएवढ्या जागेवर रोज रात्री एक थेंब तेल. चार आठवडे. दुसरी बाजू तशीच ठेवायची. काही जण कोपराच्या आतल्या बाजूला टेस्ट करतात, ती अ‍ॅलर्जीसाठी ठीक आहे, पण तिथल्या त्वचेला चेहऱ्याइतक्या तेलग्रंथी नसतात, त्यामुळे छिद्रं बंद होतात का ते तिथे कळणारच नाही. माझ्या डाव्या जबड्यावर एकविसाव्या दिवशी तीन दाणे, उजवीकडे शून्य. विषय संपला. तुमच्याकडे चार आठवड्यांनी दोन्ही बाजू सारख्या असतील तर तुमचा गुन्हेगार दुसरा कोणीतरी आहे आणि खोबरेल बिचारं निर्दोष.

मधल्या काळात दाणे काढायला काय करायचं? घासायचं नाही. खोबरेल आणि साखरेचा स्क्रब, त्यात लिंबू, त्यात खायचा सोडा, हे सगळं मी करून बसलेय. साखरेचे कण चेहऱ्यासाठी फार खडबडीत. सोड्याचा पीएच ८ च्या वर, लिंबाचा २ च्या आसपास, आणि आपल्या त्वचेचा ५ च्या जवळपास, म्हणजे एकीकडून पण त्रास आणि दुसरीकडून पण. लिंबाचं तर अजून एक आहे, रस अंगावर राहिला आणि उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येऊन मागे काळे डाग राहू शकतात, महिनोनमहिने. खाजत नसलेल्या दाण्यांसाठी २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड बरं, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत पोचतं, आठवड्यात दोनदा-तीनदा पुरे. (सहा आठवड्यांची टेस्ट चालू असेल तर ते टेस्टच्या आधीपासून वापरत असाल तरच. आणि गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

"पण मग कोरड्या चेहऱ्याचं काय?" हा खरा प्रश्न, कारण इथूनच सगळं सुरू झालं होतं. तेल लावूनही आतून ओढल्यासारखं वाटतं ही तक्रार खूप जणांची असते आणि त्याचं कारण अगदी साधं आहे, तेलात पाणी नसतं. खोबरेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू नये म्हणून वर झाकण ठेवतं. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय होणार! कोरड्याठाक चेहऱ्यावर तेल लावलं की वरून तेलकट आणि आतून कोरडं, दोन्ही एकदम. आधी पाणी, म्हणजे अंग ओलसर असतानाच, किंवा ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझर, आणि मग हवं तर झाकण. चेहऱ्याला खोबरेल चालत नसेल तर झाकणासाठी पेट्रोलियम जेली किंवा स्क्वालेन (squalane नावाचं हलकं तेल) घ्या, यीस्टला या दोन्हीतून खायला काही मिळत नाही.

हातापायांना मात्र खोबरेल बिनधास्त. २००४ मध्ये ३४ कोरड्या त्वचेच्या लोकांच्या पायांवर दोन आठवडे खोबरेल आणि मिनरल ऑइल लावून तुलना केली होती, दोन्ही सारखीच उपयोगी पडली आणि दोन्ही सुरक्षित. फक्त ते पाय होते, चेहरा नाही, हे लोक सोयीस्कर विसरतात. आंघोळ झाल्यावर पाणी टिपून घ्यायचं, पुसून कोरडं नाही करायचं, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत दोन्ही पोटऱ्यांना मिळून अर्धा चमचा तेल. जास्त लावून फायदा नाही, ते चादरीला जातं. टाचांना लावाल तर लगेच मोजे घाला, नाहीतर बाथरूमच्या फरशीवर काय होतं ते मी सांगायला नको. आणि हातावरचं जास्तीचं तेल बेसिनमध्ये धुवू नका, साधारण २४ डिग्रीच्या खाली ते थिजतं आणि पाइपमध्ये जाऊन बसतं, कागदाला पुसून टाका.

तेल कुठलं घ्यायचं यावर पण प्रचंड वाद असतात. कच्च्या घाण्याचं आणि रिफाइंड यात वासाचा फरक आहे, पण फॅटी अ‍ॅसिड जवळपास तीच, त्यामुळे "मी शुद्ध व्हर्जिन वापरलं तरी पुरळ आलं" यात आश्चर्य काही नाही. खरं वेगळं असतं ते फ्रॅक्शनेटेड खोबरेल, जे थंडीतही थिजत नाही. त्यातून लॉरिक काढून टाकलेलं असतं, मुख्यतः ८ आणि १० कार्बनची फॅटी अ‍ॅसिड उरतात, म्हणून खाजऱ्या पुरळाचा इतिहास असलेल्यांना ते तुलनेने चालतं. तेल थिजलं की खराब झालं असं नाही, आणि परत परत थिजून वितळल्यानेही काही बिघडत नाही. खवट वास आला तर मात्र टाकून द्या. ओली बोटं बरणीत घालू नका, कोरडा चमचा ठेवा. तेलात कोरफडीचा गर घालून ठेवणाऱ्यांसाठी खास, एकदा पाणी आत गेलं की त्यात जंतू वाढणारच, आणि प्रिझर्व्हेटिव्हशिवाय ते फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. लावायचंच असेल तर तेवढ्यापुरतं तळहातावर मिसळा.

मेकअप काढायला खोबरेल वापरत असाल तर ते पण मोजा बरं का, ते विसरतं. ते नुसत्या पाण्याने जात नाही, वर फेसवॉश लागतोच, आणि केसांच्या कडेला, नाकाच्या बाजूला, भुवयांमध्ये राहून जातं. आणि सनस्क्रीनच्या जागी खोबरेल लावणाऱ्यांना एकच, नका लावू, त्याचं संरक्षण भरवशाचं नाही.

दाणे मोठे होऊन दुखायला लागले, पू झाला, डाग पडायला लागले, किंवा सहा आठवडे तेलाशिवाय काढून पण काहीच फरक नाही, तर घरचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना ते रविवारचे फोटो न्या, आणि सध्या लावता त्या सगळ्या बाटल्यांचे मागच्या बाजूचे फोटो पण. मी नेले होते तर डॉक्टरांनी पहिल्या मिनिटात विचारलं, केसांना काय लावता?

आता माझ्याकडची बरणी पलंगाच्या बाजूला असते, मोज्यांच्या शेजारी. केसांचं तेल रविवारी सकाळी, धुवायच्या आधी. चेहऱ्याला शून्य. बहीण अजूनही रोज रात्री माझ्याच बरणीत बोट घालते, ओलं बोट, आणि गाल पुढे करून दाखवते.